सोनं असो वा बिटकॉइन, घेण्याआधी विकण्याचं बघा

सोनं बरं की बिटकॉइन, यावर महिनोन्‌महिने वाद घालणारी माणसं प्रत्यक्ष खरेदी मात्र पंधरा मिनिटांत उरकतात. आधी भाव बघायचा, मग घ्यायचं, मग ठेवायला जागा शोधायची. पावत्या, कर आणि वारस यांची आठवण होते ती थेट विकायच्या वेळी. पैसा गळतो तो इथे. म्हणून खाली विक्रीचा हिशेब खरेदीच्या आधी मांडला आहे. किमान पाच-सात वर्षं हात न लावता ठेवायच्या पैशाचाच इथे विचार केला आहे. रोज घेणाऱ्या-विकणाऱ्यांना याचा उपयोग नाही.

## टप्पा १: ‘डिजिटल’ म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

या एका शब्दाखाली चार वेगळ्या वस्तू विकल्या जातात आणि लोक त्या सर्रास एकमेकींत मिसळतात.

ई-रुपया हा रिझर्व्ह बँकेचा. सामान्य ग्राहकांसाठी त्याचा प्रयोग १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, दिल्ली, बंगळुरू आणि भुवनेश्वर इथे सुरू झाला. तो म्हणजे खिशातली नोटच, फक्त मोबाइलमधली. त्यावर व्याज नाही आणि महागाईने नोट जितकी झिजते तितकाच तोही झिजतो. साठवणीचा पर्याय म्हणून तो बाजूला ठेवा.

स्टेबलकॉइन डॉलरला बांधलेले असतात. ते घेणं म्हणजे एका खासगी कंपनीच्या भरवशावर डॉलर धरून ठेवणं.

डिजिटल गोल्ड हे ॲपवर दहा-वीस रुपयांपासून मिळणारं सोनं. नोव्हेंबर २०२५ मध्ये सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या संस्थेने, स्पष्ट बजावलं की ही उत्पादनं तिच्या नियंत्रणाखाली येत नाहीत. विकणारी कंपनी बुडाली तर सेबीकडे दाद मागता येणार नाही. शिवाय खरेदीवर ३ टक्के जीएसटी आहेच.

उरलं बिटकॉइन, फक्त इंटरनेटवर असणारं नाणं. एकूण संख्या २ कोटी १० लाखांवर बांधलेली, मागे कुठलं सरकार किंवा कंपनी नाही. सोन्याशी तुलना करायचीच असेल तर ती याच्याशी. बाकीच्या हजारो डिजिटल नाण्यांना हे लागू नाही. ‘बिटकॉइन महाग झालं, म्हणून हे स्वस्तातलं घेतलं’ असं सांगणाऱ्याने साठवण केलेली नसते, लॉटरीचं तिकीट काढलेलं असतं.

तपासा: तुमच्या ॲपमध्ये जे दिसतंय ते यांपैकी कोणतं, हे एका वाक्यात सांगता येत नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: पैसा कोणता आणि किती

सहा महिन्यांचा घरखर्च, मुलांची दोन वर्षांतली फी, विम्याचे हप्ते हे दोन्हींतून बाहेर ठेवा. उरलेल्या पैशाला एकच प्रश्न विचारा: पडता काळ किती सोसवेल?

बिटकॉइन नोव्हेंबर २०२१ मध्ये सुमारे ६९ हजार डॉलरवर होतं. वर्षभरात ते १६ हजारांच्या खाली आलं. लाखाचे पंचवीस हजारही उरले नाहीत. नंतर भाव वर गेला, पण मधल्या काळात ज्याला लग्नासाठी किंवा ऑपरेशनसाठी पैसे लागले त्याला त्या ‘नंतर’चा काय उपयोग?

सोनं असं कोसळत नाही, ते कंटाळा आणतं. आपल्याकडे २०१२ ते २०१८ या काळात १० ग्रॅमचा भाव तीस हजारांच्या आसपासच घुटमळत होता. डॉलरमध्ये तर जानेवारी १९८० चा ८५० डॉलरचा उच्चांक पुन्हा दिसायला २००८ उजाडलं. ‘सोनं कधीच पडत नाही’ हे पेढीवरचं वाक्य आहे, हिशेबातलं नाही.

माझं मत सरळ आहे. नोकरदार कुटुंबाने आधी सोन्याचा पाया घालावा. बिटकॉइनमध्ये तेवढीच रक्कम घालावी, जी चतुर्थांश झाली तरी घरातलं एकही ठरलेलं काम अडणार नाही. कर्ज काढून दोन्हींपैकी काहीही घेऊ नये.

## टप्पा ३: विक्रीचा हिशेब आधी कागदावर मांडा

हा टप्पा जवळजवळ सगळेच गाळतात.

समजा, तुमच्याकडे १ लाख रुपये आहेत. त्याचं सोन्याचं नाणं घेतलं आणि फक्त ३ टक्के जीएसटी लागला, तर हातात सुमारे ९७,०८७ रुपयांचं सोनं येतं. नाण्यावर वर शुल्क असेल तर त्याहून कमी. त्याच पैशाचा १२ टक्के घडणावळीचा हार घेतला आणि त्यावर जीएसटी भरला, तर त्यात सोनं येतं सुमारे ८६,७०० रुपयांचं. मोडताना घडणावळ परत मिळत नाही, वर घट कापली जाते. म्हणजे भाव जागच्या जागी राहिला तरी पहिल्याच दिवशी तेरा टक्क्यांहून जास्त गेले. दागिना हौसेने घ्या, अंगावर घाला, पण त्याला गुंतवणूक म्हणू नका.

आता कर. दोन्ही वस्तू १ लाखाला घेतल्या आणि १ लाख ६० हजारांना विकल्या असं धरू.

सोनं २४ महिन्यांहून जास्त काळ ठेवलं असेल तर नफ्यावर १२.५ टक्के आणि सेस (करावरचा उपकर), मिळून ७,८०० रुपये. त्याआधी विकलं तर नफा उत्पन्नात मिळवून तुमच्या उत्पन्नाला लागतो त्या दराने कर. गोल्ड ईटीएफसाठी, म्हणजे शेअर बाजारात मिळणाऱ्या सोन्याच्या फंडासाठी, ही मुदत १२ महिन्यांची आहे.

बिटकॉइन वर्षभर ठेवा नाहीतर दहा वर्षं, नफ्यावर सरसकट ३० टक्के आणि सेस. वरच्या उदाहरणात १८,७२० रुपये. खर्च म्हणून फक्त खरेदीची किंमत वजा होते. एक्स्चेंजचं (बिटकॉइन जिथे घेता-विकता येतं त्या ॲपचं) शुल्क, हार्डवेअर वॉलेटची (बिटकॉइन जपायच्या छोट्या यंत्राची) किंमत यांतलं काही धरत नाहीत. शिवाय विकताना पूर्ण रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आगाऊ कर, कापला जातो, म्हणजे इथे १,६००. तो रिटर्न भरताना वळता होतो, पण भरलाच नाही तर अडकतो.

सगळ्यात जास्त माणसं फसतात ती तोट्याच्या नियमात. बिटकॉइनमध्ये ४० हजारांचा तोटा आणि इथर या दुसऱ्या डिजिटल नाण्यात ४० हजारांचा नफा झाला, तर तुमच्या लेखी हिशेब शून्य. आयकराच्या लेखी मात्र ४० हजारांवर १२,४८० रुपये देणं. एका नाण्याचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही आणि पुढच्या वर्षी ओढताही येत नाही. एक नाणं देऊन दुसरं घेतलं, तरी ती विक्रीच धरली जाते.

इशारा: नवऱ्याच्या पैशाने बायकोच्या नावावर घेतलं म्हणून कर वाचत नाही. तो नफा नवऱ्याच्याच उत्पन्नात धरला जातो. सोन्यालाही हाच नियम, बिटकॉइनलाही.

अमेरिकेत कर भरणाऱ्या वाचकांसाठी चित्र उलटं आहे. तिथे प्रत्यक्ष सोनं संग्रहाची वस्तू धरली जाते आणि वर्षभराहून जास्त ठेवलं तरी कर २८ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. बिटकॉइन साधी मालमत्ता, त्यावर त्याहून कमी दर. पुण्यातल्या भावाचा सल्ला न्यू जर्सीतल्या बहिणीला जसाच्या तसा लागू नाही.

आणखी एक गोष्ट याच कागदावर लिहा: अडचणीत विकायचं की तारण ठेवायचं? दागिन्यांवर बँक त्याच दिवशी कर्ज देते. बिटकॉइनवर आपली बँक देत नाही. पण गंमत अशी की बिस्किटावर आणि गोल्ड ईटीएफवरही देत नाही. सोन्याची नाणी चालतात, पण ५० ग्रॅमपर्यंतच. आणि बँका नाणी विकतात, पण परत घेत नाहीत.

## टप्पा ४: सोनं घेताना

रूप ठरवा. फक्त साठवणच हवी आणि डीमॅट खातं असेल तर गोल्ड ईटीएफ सोयीचा. घडणावळ नाही, जीएसटी नाही, लॉकर नाही. बाजार चालू असताना किंमत स्वतः घालून ऑर्डर द्या आणि त्याआधी फंडाच्या संकेतस्थळावरचं चालू मूल्य बघा. मागणी चढली की ईटीएफ त्याच्या आतल्या सोन्यापेक्षा महाग विकला जातो. सरकारी सुवर्णरोखे फेब्रुवारी २०२४ नंतर नव्याने निघालेले नाहीत. जुने शेअर बाजारात मिळतात, पण त्यांचे करनियम मूळ खरेदीदाराचे वेगळे आणि तुमचे वेगळे असू शकतात. सीएला विचारल्याशिवाय घेऊ नका.

हातात सोनं हवं असेल तर नाणं किंवा वळं. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी रांगेत उभं राहून घेऊ नका. मुहूर्ताला एक ग्रॅम घ्या, बाकीचं निवांत दिवशी.

पेढीवर या क्रमाने तपासा:

1. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी २२के९१६) आणि सहा अक्षरांकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या डागाचा स्वतंत्र ओळख क्रमांक. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्याला एचयूआयडी लागतोच. दोन ग्रॅमच्या आतल्या वस्तू आणि कुंदन, पोलकी, जडाऊ यांना हॉलमार्कची सक्ती नाही. म्हणून तिथे जास्त सावध राहा.
2. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक घाला. क्रमांक सापडला एवढंच बघून ॲप बंद करू नका. वस्तूचा प्रकार वाचा. ॲप म्हणतंय अंगठी आणि तुमच्या हातात मंगळसूत्राची वाटी असेल, तर तो क्रमांक दुसऱ्या डागाचा आहे.
3. काट्यावर शून्य दिसल्यावरच नग ठेवू द्या. एकूण वजन आणि निव्वळ वजन वेगळं विचारा. काळे मणी, खडे, मेण यांचं वजन सोन्याच्या भावाने लागता कामा नये.
4. भाव ग्रॅममध्येच बोला. आज ‘तोळा’ म्हणजे १० ग्रॅम, आजीच्या दागिन्यांचा तोळा ११.६६ ग्रॅमचा.
5. पक्कं बिल घ्या. त्यात निव्वळ वजन, कॅरेट, त्या दिवसाचा भाव, घडणावळ आणि जीएसटी स्वतंत्र ओळींत हवेत. ‘बिलाशिवाय घेतलंत तर तीन टक्के वाचतील’ याला बळी पडू नका. पुढे विकताना खरेदी किंमत सिद्ध करता आली नाही, तर त्या तीन टक्क्यांची परतफेड करात होते.

खरेदी २ लाखांपुढे गेली की पॅन लागतो. रोखीने २ लाख किंवा त्याहून जास्त देता येत नाहीत.

इशारा: सराफाची मासिक भिशी अकरा महिन्यांची असते, कारण वर्षभराच्या आत माल न देता ठेवलेली आगाऊ रक्कम कंपनी कायद्याने ठेव ठरते. दोन-तीन वर्षांची योजना, वर भरघोस व्याज, असं दिसलं की उठून या. ऑक्टोबर २०१९ मध्ये गुडविन ज्वेलर्सची दुकानं बंद झाली, तेव्हा डोंबिवली-ठाण्यातल्या लोकांच्या अशाच ठेवी अडकल्या. ते सोनं नव्हतंच, दुकानदाराला दिलेलं उसनं होतं.

## टप्पा ५: सोनं ठेवताना

लॉकरमध्ये ठेवलेल्या मालाचा विमा बँक काढत नाही. चोरी, दरोडा, आग, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक झाली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटींपर्यंतच. भाडं ३,००० असेल तर ३ लाख, आत तीस लाखांचं असलं तरी. पुरासारख्या नैसर्गिक आपत्तीत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढंही नाही. सांगली-कोल्हापूरकरांनी लॉकर तळमजल्यावर आहे का, हे जरूर बघावं. स्वतंत्र विमा घ्यायचा तर बिलं आणि फोटो लागतात.

प्रत्येक डागाचा बिलासोबत फोटो काढा, एचयूआयडी वाचता येईल इतक्या जवळून. वारसाने आलेल्या सोन्याचं बिल नसतं. त्यासाठी मृत्युपत्र, वाटणीपत्र किंवा निदान वजन आणि तारीख लिहिलेलं मूल्यांकनपत्र जपा. सोनं २००१ पूर्वीचं असेल, तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो. मोठा फरक पडतो.

मोडायची वेळ आली तर सराफाला आधी तुमच्यासमोर मशिनवर कस बघू द्या, वजन आणि भाव कागदावर घ्या, आणि मगच गाळायला होकार द्या. एकदा मुशीत गेलेला डाग परत मागता येत नाही.

## टप्पा ६: बिटकॉइन घेताना

एक्स्चेंज. ते वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे, म्हणजे एफआययूकडे, नोंदलेलं हवं. पण ही नोंदणी मनी लाँडरिंग कायद्याखालची आहे, तुमच्या पैशाची हमी नव्हे. १८ जुलै २०२४ रोजी वझीरएक्स या एक्स्चेंजवरून सुमारे २३ कोटी डॉलरची चोरी झाली आणि खातेदारांचा पैसा वर्षाहून जास्त काळ अडकला. खातं उघडण्याआधी एकच गोष्ट विचारा: विकत घेतलेलं बिटकॉइन मला माझ्या वॉलेटमध्ये काढता येतं का? ‘नाही’ किंवा ‘लवकरच’ असं उत्तर आलं तर दुसरं बघा.

इशारा: टेलिग्रामवरच्या अनोळखी माणसाला विकून थेट खात्यात पैसे घेऊ नका. आलेला पैसा सायबर फसवणुकीतला निघाला, तर पोलिसांच्या पत्रावर तुमचं बँक खातं गोठतं आणि पगारही त्यातच अडकतो. महिन्याला ठरावीक टक्के देणारी बिटकॉइन योजनाही नको. गेनबिटकॉइनने महिन्याला १० टक्के असे अठरा महिने देऊ केले होते. पुण्यातले खटले त्याचेच.

वॉलेट. छोटी रक्कम असेल तर मोबाइल वॉलेट चालेल. जपावी वाटेल इतकी झाली की हार्डवेअर वॉलेट घ्या, थेट उत्पादकाकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून. डब्यात आधीच शब्द छापलेला कागद निघाला, तर ते वॉलेट चोराचं आहे.

यंत्र सुरू केलं की ते बारा किंवा चोवीस इंग्रजी शब्द दाखवतं. २,०४८ शब्दांच्या ठरलेल्या यादीतले. हे शब्द म्हणजेच तुमचं बिटकॉइन, यंत्र हरवलं तरी चालतं. पुढची कामं याच क्रमाने करा:

1. शब्द क्रमांक घालून हाताने लिहा. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, ईमेल नाही, प्रिंटर नाही. प्रत्येक शब्द पहिल्या चार अक्षरांवरून वेगळा ओळखू येतो, त्यामुळे निदान ती चार सुवाच्य हवीत.
2. एक्स्चेंजवरून अगदी थोडी रक्कम पाठवा. पत्ता कॉपी केल्यावर पहिली सहा आणि शेवटची सहा अक्षरं यंत्राच्या पडद्याशी ताडून बघा. कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलणारे व्हायरस असतात.
3. ही रक्कम पाठवतानाच नेटवर्क बिटकॉइनचंच निवडा. शुल्क कमी दिसतं म्हणून दुसऱ्या नाण्याचं नेटवर्क निवडलंत, तर पैसे भलतीकडेच जातात आणि बहुतेक वेळा परत येत नाहीत.
4. सहा कन्फर्मेशन (व्यवहार पक्का झाल्याच्या नेटवर्कच्या नोंदी) होऊ द्या. साधारण तास जातो.
5. आता यंत्र मुद्दाम पुसून टाका आणि कागदावरच्या शब्दांवरून पुन्हा उभं करा. ती थोडी रक्कम दिसली, तरच कागद बरोबर आहे.
6. मगच मोठी रक्कम पाठवा.

पाचवी पायरी लोक भीतीने टाळतात. पण ‘n’ आणि ‘u’ एकसारखे लिहिले गेलेत हे आज कळलेलं बरं, की सहा वर्षांनी यंत्र बंद पडल्यावर?

कागदाची दुसरी प्रत दुसऱ्या घरात ठेवा. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कपाटातल्या कागदाला बुरशी लागते, शाई पसरते. शब्द ठोकून घ्यायच्या स्टीलच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या. आणि दर आठवड्याला पाचशे-पाचशे रुपयांचं काढत बसू नका. एक्स्चेंज प्रत्येक वेळी ठरावीक शुल्क लावतं, शिवाय अशा बारीक-बारीक जमा झालेल्या तुकड्यांना पुढे एकत्र खर्चताना नेटवर्कचं शुल्कही जास्त लागतं. तिथेच साठू द्या, ठरवलेली रक्कम झाली की एकदम काढा.

तपासा: स्वतःच्या वॉलेटमध्ये हलवणं म्हणजे विक्री नाही, त्यावर कर नाही. पण ते तुमचंच वॉलेट आहे, हे दाखवणारी नोंद ठेवा: तारीख, रक्कम, व्यवहार क्रमांक.

## टप्पा ७: वारसाची सोय

लॉकरला नॉमिनी लावा. १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत लावता येतात, लॉकरसाठी एकामागून एक अशा क्रमाने. नॉमिनीला माल ताब्यात मिळतो, मालकी मात्र वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने ठरते. डीमॅट खात्यालाही नॉमिनी आहे का, ते आजच बघा.

स्वतःच्या वॉलेटमधल्या बिटकॉइनला नॉमिनी हा प्रकारच नाही. कोर्टाचा हुकूम आणला तरी शब्दांशिवाय ते हलत नाही. म्हणून दोन कागद करा. पहिल्यावर फक्त माहिती: काय आहे, कोणत्या प्रकारचं यंत्र, ते कुठे, शब्दांची प्रत कुठे, कोणाची मदत घ्यायची. हा मराठीत आणि सोप्या भाषेत लिहा, कारण वाचणारा माणूस दुःखात असेल. दुसऱ्या कागदावर फक्त शब्द. दोन्ही एका जागी ठेवू नका. मृत्युपत्रात शब्द कधीही लिहू नका, तो कागद अनेक हातांतून जातो. मृत्युपत्रात मालमत्तेचा उल्लेख आणि ती कोणाला, एवढंच.

यंत्राला जादा पासफ्रेज, म्हणजे त्या शब्दांशिवायचा आणखी एक परवलीचा शब्द, लावायची सोय असते. ती लावलीत आणि घरच्यांना सांगितली नाहीत, तर शब्द सापडूनही वॉलेट रिकामं दिसेल. ज्यांना हे नीट समजावून सांगायला घरात कोणी नाही, त्यांनी पासफ्रेजच्या वाटेला जाऊ नये.

एकदा जोडीदाराला पहिला कागद द्या आणि मदत न करता बघू द्या. तो किंवा ती अडखळली, तर कागद सुधारा.

## टप्पा ८: दर ३१ मार्चला

एक्स्चेंजवरून वर्षाचं विवरण उतरवून घ्या, कारण एक्स्चेंज बंद पडलं की जुने व्यवहारही जातात. टीडीएस आयकर खात्याच्या करकपातीच्या पत्रकात (२६एएस) आला का ते बघा. विक्री झाली असेल तर रिटर्नमधल्या आभासी मालमत्तेच्या तक्त्यात प्रत्येक व्यवहार भरा. लॉकर वर्षातून एकदा तरी उघडा. स्टीलच्या पट्टीवरचे शब्द वाचता येतात का ते पाहा.

शेवटी टप्पा २ मधलं प्रमाण तपासा. बिटकॉइन वाढून ठरवलेल्या वाट्याच्या दुप्पट झालं असेल, तर जादा भाग विकायचा की नाही हे कराचा ३० टक्क्यांचा आकडा शेजारी लिहूनच ठरवा. बहुतेक वेळा विकण्यापेक्षा नवीन बचत सोन्याकडे वळवून प्रमाण हळूहळू जागेवर आणणं स्वस्त पडतं.